रिलेला चौघी लागतात, साहेब

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत गणित शिकवतो. खेळाला वेगळे सर नाहीत, म्हणून शिट्टीही माझ्याच गळ्यात. गेल्या वर्षी आमच्या मुली ४ बाय १०० रिलेत जिल्ह्यात पहिल्या आल्या. बॅटन म्हणजे प्लंबरकडून मागून आणलेला पाईपचा फूटभर तुकडा, त्याला लाल चिकटपट्टी. ट्रॅक फक्कीनं आखलेला, पाऊस आला की गेला. मागून ‘हो’ ऐकू आलं की वळून न बघता हात मागं न्यायचा, एवढं एकच बसवायला दोन महिने लागले. पोरी वळून बघायच्याच.

पुढच्या विभागीय स्पर्धेला आम्ही गेलोच नाही. दिवाळी झाली, मुकादमाचा ट्रॅक्टर आला आणि तिसऱ्या टप्प्याची मुलगी आईबापाबरोबर कर्नाटकात ऊसतोडीला गेली. राखीव मुलगी होती. तीही त्याच ट्रॅक्टरमध्ये. मी घरी जाऊन बोललो होतो. बाप म्हणाला, “गुरुजी, मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलीय. आन् हिला कुणापाशी ठिवू? म्हातारी तर मागच्या साली गेली.” मला उत्तर देता आलं नाही. निघायच्या दिवशी मुलीनं बॅटन शाळेत आणून दिली.

सरिता गायकवाड आपल्याला आठवत असेल. आपल्या नाशिकला लागून असलेल्या गुजरातच्या डांग जिल्ह्यातली आदिवासी मुलगी. आधी खो-खो खेळायची, मग धावायला लागली. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत हिमा दास, पूवम्मा आणि विस्मया यांच्याबरोबर तिनं ४ बाय ४०० रिलेचं सुवर्ण घेतलं, वेळ ३ मिनिटं २८.७२ सेकंद. या शर्यतीत भारतीय मुलींचं २००२ पासूनचं ते सलग पाचवं आशियाई सुवर्ण. डांगातूनही माणसं कोयता घेऊन बारडोली-सुरतेकडे उसाला जातात. आणि खो-खो तर आमच्या पोरींच्या पायातच आहे. खो बसल्यावर जी उसळी लागते, तीच बॅटन घेताना लागते.

आमच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचं, सुवर्ण जिंकला, हे खरं. पण तो बारावीनंतर सैन्यात गेला आणि तिथं घडला. आमच्या मुलींना बारावीनंतर कुणी शोधायला आलं, तर त्या सासरी सापडतील.

आपण सिंथेटिक ट्रॅकची घोषणा कराल, म्हणून आधीच सांगतो. तो नको असं कोण म्हणेल? पण त्यावर पळायला नोव्हेंबरात मुली गावात हव्यात. ऊसतोड मजुरांच्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत. आमच्याकडे त्यात जेवण मिळतं; रात्री लेकरं आजी-आजोबांकडे झोपायला जातात. घरात म्हातारं माणूस नसलं की आईबाप वयात आलेल्या मुलीला मागं ठेवत नाहीत, आणि त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही. तेव्हा खेळणाऱ्या मुलींसाठी तालुक्याला एक तरी खरं निवासी वसतिगृह द्या: दाराला कडी, रात्री मुक्कामी राहणारी बाई, सकाळी पळवून घेणारं कुणीतरी. ते खातं दुसऱ्या मंत्र्यांचं आहे, ठाऊक आहे. आपण एकाच मंत्रिमंडळात बसता.

ती मुलगी पाडव्याच्या आसपास परत आली. यंदा पुन्हा चौघी आहेत, आणि हात मागं नेताना आता वळून बघत नाहीत. दिवाळी झाली की चार-आठ दिवसांत ट्रॅक्टर येईल. त्याआधी उत्तर यावं, ही विनंती.

आपला,
एक शिक्षक, जि. बीड