शाडूच्या पाच नाकांबद्दल, मूर्तिकार काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

ऐन गणपतीच्या घाईत, शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसताना तुम्ही आमच्या चित्रकलेच्या वर्गासाठी शाडूची पाच नाकं करून दिलीत आणि पैसे घ्यायला ठाम नकार दिलात. त्या नाकांचं पुढे काय झालं, हे तुम्हाला आणि पेन्सिलीनं चेहरे काढू पाहणाऱ्या सगळ्यांना कळावं म्हणून हे जाहीर पत्र.

नवशिका नाकाची कड शोधतो, आणि तिथेच फसतो. डोळ्याला कड आहे, ओठाला आहे. नाक समोरून पाहिलं तर भुवईपासून शेंड्यापर्यंत एकही रेघ नसते, फक्त उजेड कमीजास्त होतो. मुलं दोन उभ्या रेघा मारतात, खाली दोन कंस आणि दोन काळे ठिपके देतात. चेहऱ्यावर नळी चिकटवल्यासारखं दिसतं. फळ्यावर कितीदा सांगितलं तरी हे गळी उतरत नव्हतं. तुमच्या पहिल्या नाकानं ते काम केलं. नुसती पाचर: वरची बाजू, दोन कडेच्या, एक खालची. खिडकी डाव्या हाताला ठेवली की वरची बाजू सगळ्यांत उजळ, डावी तिच्याहून किंचित कमी, उजवी करडी आणि खालची गडद. वाळलेल्या शाडूला चमक नसते आणि रंगही एकच, त्यामुळे या चार छटा लहान मुलालाही वेगळ्या दिसतात.

दुसऱ्या नाकात तुम्ही पाचरीच्या टोकाला एक मोठा गोळा आणि दोन्हीकडे दोन लहान गोळे दाबून बसवलेत. आमची आखणी आता त्यावरूनच होते. शेंड्यासाठी ४ सेंमीचं वर्तुळ, दोन्ही बाजूंना २ सेंमीची दोन, जरा खाली सरकलेली आणि तिसरा हिस्सा मोठ्या वर्तुळात शिरलेला. तिथून वर भुवईपर्यंत दोन रेघा, एकूण उंची ९ सेंमीच्या आसपास. पेन्सिल एचबी, हात इतका हलका की खोडरबर एकदा फिरवला की रेघ गेली पाहिजे. पूर्ण चेहरा असेल तर नाकपुड्यांची रुंदी दोन डोळ्यांमधल्या अंतराशी ताडून पाहायची.

तिसऱ्यावर तुम्ही अंगठ्यानं दाबून दाखवलेला उंचवटा आम्ही आवर्जून काढून घेतो. नाकाच्या वरच्या भागात हाड, खाली कूर्चा. दोन्हींच्या सांध्यावर दांडा किंचित रुंद होतो आणि उजेडाची पट्टीही तिथे रुंदावते.

चौथं, नुसत्या नाकपुड्यांचं, आम्हाला सर्वांत मोलाचं. कोरणी आत घालताना तुम्ही म्हणालात, "भोक पाडायचं नाही, छप्पर घालायचं." नाकपुडीची वरची कड ठळक असते, खालची ओठाच्या दिशेनं विरत जाते. म्हणून ४बी (बी पेन्सिलीचा आकडा जितका मोठा, तितकी ती मऊ आणि काळी) फक्त वरच्या कडेला आणि आतल्या कोपऱ्यात, खाली २बी, आणि शेवटी रेघ न ओढता सोडून द्यायचं. सगळीकडे सारखा काळा भरला की ते चेहऱ्याला पडलेलं भोकच वाटतं.

शेंड्याखालची उजेडाची बारीक पट्टीही याच नाकावर दिसली. ओठाकडून परतलेला उजेड तो. नवशिके ती सावलीत बुडवतात आणि शेंडा ओठाला चिकटतो.

शेडिंग २बीनं, हलक्या तीन-चार थरांत: दांड्याच्या कडेला तिरकं, गोळ्यावर गोलाईच्या अंगानं. बोटानं घासायचं नाही. कातडीचं तेल लागलं की ग्राफाइटचा डाग खोडरबरानं निघत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात कागद सर्द होतो, ६बी दाबली की खाच पडते. शेंड्यावरचा उजेडाचा ठिपका पहिल्यापासून कोरा राखायचा, आणि तो मधोमध नाही, उजेडाच्या अंगाला.

पाचवं गौरीच्या मुखवट्याचं, डाव्या नाकपुडीत नथीचं छिद्र असलेलं. नथ काढताना सगळ्यांना आधी मोती दिसतात. पण नथ नाकात बसल्यासारखी दिसते ती तिच्या खाली पडलेल्या बारीक सावलीमुळे. ती विसरली तर नथ हवेत तरंगते.

चित्रकारानं मातीत हात घालणं कोल्हापूरला नवं नाही. बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) नाटकांचे पडदेही रंगवत आणि पुतळेही घडवत. तरी आमच्या वर्गात पेन्सिलीआधी माती आली ती तुमच्यामुळे. आता प्रत्येक नवा विद्यार्थी पहिल्या दिवशी लिंबाएवढ्या शाडूचं नाक करतो आणि मगच कागद घेतो.

चौथ्या नाकाची पातळ कड तडकली आहे. सावलीत वाळवा म्हणाला होतात, आम्ही ते उन्हात ठेवलं, चूक आमची. दसऱ्यानंतर शेड मोकळी झाली की मुलांना घेऊन येतो. तेव्हा ती कड कशी सांधायची ते दाखवा, आणि जमलं तर कानही.

आपले,
रविवारच्या चित्रकला वर्गाचे शिक्षक
कोल्हापूर