रविवारी एनर्जी ऑडिट आहे, घरं तयार ठेवा

मंडळी, येत्या रविवारी ऑडिटवाले, म्हणजे घरात वीज कुठे किती जाते ते तपासणारे, घरोघरी येणारेत, ए विंग सकाळी १० पासून, बी विंग दुपारी २ नंतर, एका घराला अर्धा तास धरा. कोणीतरी मोठं माणूस घरी पाहिजे.

- मागच्या १२ महिन्यांची लाईट बिलं काढून ठेवा, मोबाईलवर असली तरी चालतील. एकाच बिलावरून काही कळत नाही, मे महिन्यात एसीचा वापर वेगळा आणि थंडीत गीझरचा वेगळा.
- एसी, फ्रिजवरचं स्टार लेबल दिसलं पाहिजे, त्यावर चिकटवलेले मॅग्नेट काढा. लेबलवरचं वर्षही बघतात, कारण बीईई (स्टार रेटिंग ठरवणारी सरकारी संस्था) निकष कडक करत जाते, जुना ५ स्टार आज ५ स्टार असेलच असं नाही.
- मेन स्विचसमोरचं चपलांचं स्टँड हलवा (बऱ्याच घरांत तिथेच आहे, आमच्याकडेही).

आणि प्लीज, माणसं येणार म्हणून पंखे बंद करून घामाघूम बसू नका, ही काय परीक्षा नाही, जुना पंखा ७०-७५ वॅट खातो आणि बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा) ३० च्या आसपास, तेच तर बघायचंय. पैसे सोसायटी देणार, तुम्ही कोणी द्यायचे नाहीत.

ज्यांना रविवार जमत नाही त्यांनी शुक्रवारपर्यंत इथेच कळवा.