आई, चिखलात मी एकटी जात नाही

प्रिय आई-बाबा,

सा. न. वि. वि. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं, नाईट ड्युटी आता आठवड्यातून दोनच असतात त्यामुळे आई, डोळ्यांखाली काळं आलंय ते फोटोतल्या उजेडाने, झोप होते नीट. आणि रविवारची सुट्टी समुद्रावरच्या चिखलात एकटीच घालवते असं तू दादाला बोललीस ते कळलं मला. एकटी नव्हते गं, सहा जण होतो, आणि चिखलात पाय पण घातला नाही, काठावर खुर्च्या टाकून बसलेलो.

इथे ऑस्ट्रेलियात लोक समुद्रकाठची पाखरं मोजतात. मला पण आधी कळायचं नाही म्हणून नीटच सांगते. भरतीची वेळ बघून जायचं असतं, बाबा खाडीच्या मानशीच्या दारावर जातात तसं. ओहोटीला इथल्या मोरेटन बे खाडीचा चिखल लांबपर्यंत उघडा पडतो, पाखरं खात खात सगळीकडे पांगलेली, मोजणार कशी? पाणी चढलं की ती सगळी एखाद्या कोरड्या पट्टीवर दाटीने येऊन उभी राहतात, तेव्हा मोजायची. हातात क्लिकर, दहा पाखरांना एक टिक, मोठ्याने बोलायचं नाही, आणि मधेच कोणाचा कुत्रा सुटला नि थवा उडाला की परत पहिल्यापासून. थवा असा उडाला की सगळ्यांना वाईट वाटतं, कारण ही पाखरं लांबच्या देशातून आलेली, मार्चमध्ये परत जायला अंगावर चरबी चढवायची असते आणि उगाच उडण्यात ती जळते. याचे पैसे कोणी देत नाही. माझ्या वृद्धाश्रमात आधी नर्स होत्या त्या सत्तरीच्या बाईंनी मला नेलं.

मोठा पाहुणा म्हणजे ईस्टर्न कर्ल्यू, वीतभर वाकडी चोच. अंडी घालायला पूर्व रशिया, ईशान्य चीन, आणि आपली चवथ असते त्या सुमाराला इथे. त्यांचा हिवाळा म्हणजे इथला घामाचा उन्हाळा. पाणी उतरताना एकाला दुर्बिणीतून बघितलं, चोच पार मुळापर्यंत चिखलात खुपसली, कुर्ली ओढली आणि गिळायच्या आधी झटके देऊन देऊन तिचे पाय तोडले. अगदी आजी नांग्या मोडते तसं. मला रडूच आलं.

२०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाने त्याला अतिशय धोक्यातल्या जातींत घातलं. वाटेत पिवळ्या समुद्राच्या काठी थांबून पोट भरायचं असतं, तिथला चिखलच बुजवत आणलाय. कोरियात सेमांगुमला ३३ किलोमीटरचा बांध घातला, २००६ मध्ये तो जोडला आणि आतला चिखल गेला. गॉडविट म्हणून असंच लांबून येणारं दुसरं पाखरू आहे, त्याचं एक पाच महिन्यांचं पिल्लू २०२२ मध्ये अलास्काहून टास्मानियाला ११ दिवसांत १३,५६० किलोमीटर न थांबता आलं, पण सगळ्यांना तसं जमत नाही ना, थांबायला जागा लागते.

म्हणून बाबा, आपलं मिठागर विकायचं चाललंय हे ऐकल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. एजंट म्हणतो पडीक आहे, भराव घालून घेतो. पडीक नाही ते. शाळेतून येताना बांधावरून बारकी करडी पाखरं भुर्रकन उडायची, आपण नुसतं पाखरं म्हणायचो, ती पण अशीच लांबून आलेली असायची. कर्ल्यू सँडपायपर इथे येतो तसा हिवाळ्यात भारतात पण येतो, २०२४ मध्ये त्याला पण जगाच्या धोक्याच्या यादीत टाकलंय. मला माहीत आहे, पाच वर्षं मिठाला हात न लावता इथून सांगणं सोपं, दादा एकटा राबतो. पण बांधाच्या डागडुजीला किती लागतील ते त्याला विचारा, मी देईन. या महिन्यात पैसे कमी आले ते खोलीचं भाडं वाढलं म्हणून, पुढच्या महिन्यात भरून काढते. मी येईपर्यंत सही तेवढी करू नका.

कुडाळच्या स्थळाला अजून हो पण नको, नाही पण नको. मामांच्या ओळखीतला मुलगा म्हणजे चांगलाच असेल, पण व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटांत काय ठरवू?

आणि शिगम्याचं तिकीट काढलेलं नाही. आजीला तुम्हीच सांगा, माझ्याने होत नाही.

तुमची,
बाय