डावीकडचं दार

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

बुधवारी पहाटे तुम्हाला फोन केला तेव्हा माझा आवाज नीट निघत नव्हता. "गाय मोकळी झाली काका, कालवड उभी राहिली," एवढंच बोलता आलं. तुम्ही म्हणालात, "हे बेस झालं. आता घरी जाऊन झोपा," आणि फोन ठेवलात. आभार मानायला लागलं की तुम्ही फोन ठेवता, हे चिखलातून गाडी काढायला तुम्ही मला शिकवलंत त्या दोन महिन्यांत मला कळलं आहे. म्हणून लिहिते आहे. आणि चारचौघांत लिहिते आहे, कारण हे तुमच्याबरोबर आणखी काही जणांनी वाचावं असं मला मनापासून वाटतं. तुमचं नाव लिहायचं नाही ही तुमची अट पाळते.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट तुम्हाला अर्धीच सांगितली होती. मी जनावरांची डॉक्टर. शिक्षण नागपुरातच, सेमिनरी हिल्सवरच्या कॉलेजात, आणि प्रॅक्टिस कळमेश्वर ते काटोल या पट्ट्यातल्या गावांत. गावापर्यंत डांबरी रस्ता असतो. गोठा मात्र शेतात असतो आणि शेतापर्यंत असते ती पांदण. उन्हाळ्यात त्या काळ्या मातीला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. पाऊस लागला की तीच माती पाणी पिऊन फुगते, भेगा मिटतात आणि वर राहतो तो चिकट गारा. कापसाला आणि संत्र्याला हीच माती पोसते, तेव्हा तिच्यावर राग धरून भागत नाही. तिच्यातून जायचं कसं, ते मला येत नव्हतं.

तेव्हा माझ्याकडे साधी छोटी गाडी होती. गाय अडल्याचा फोन रात्री आला. पांदणीत शे-दोनशे मीटरवर गाडी बसली. मी पेटी डोक्यावर घेऊन पायी निघाले, दोनदा पडले, पोचायला तासाच्या वर लागला. वासरू गेलेलं होतं. मालक मला एक शब्द बोलला नाही. हातपाय धुवायला त्याने गरम पाणी आणून दिलं. त्या गरम पाण्याचं ओझं मी वर्षभर वाहिलं.

मग मी ही जिप्सी घेतली. जंगल सफारीत राबलेली, जुनी, पण फोर व्हील ड्राइव्ह शाबूत असलेली. गाडी हातात आली तरी हात तयार नव्हता. म्हणून जे लोक हौसेने चिखलात गाड्या घालतात त्यांच्याकडे गेले. गटाचं नाव घेत नाही. नाव घेऊन भांडायचं नाही, पण जे झालं ते लिहायचं आहे.

पहिलाच प्रश्न आला, "साहेब नाही आले?" साहेब कुणी नाहीत, गाडी माझी आहे, मला शिकायचं आहे, असं सांगितलं. हसले नाहीत, वाईट बोलले नाहीत, चहा दिला. पण माझी पाळी आली आणि गाडी चढावर बंद पडली, तर पाच सेकंदांत माझं दार उघडलं गेलं. "सरका मॅडम, काढून देतो." मी सरकले. त्यांनी काढून दिली. पुन्हा अडकले, पुन्हा दार उघडलं. तिसऱ्या वेळी एकाने किल्ली मागितलीही नाही, न विचारता सरळ इग्निशनमधून काढून घेतली. दुपारी एकाने साखळी बंपरला बांधून गाडी ओढली, बंपर वाकला, आणि ती ताणलेली साखळी ओलांडून लोक इकडून तिकडे फिरत होते. असे चार रविवार गेले. चार रविवारांत माझी जिप्सी त्या मैदानात सगळीकडे जाऊन आली. मी मात्र जिथे होते तिथेच राहिले.

त्यांना मी दुष्ट म्हणत नाही. ज्याला येतं त्याला न येणाऱ्याची धडपड बघवत नाही, हे मला माहीत आहे. पण मदत करताना समोरच्याच्या हातातलं काम काढून घेतलं, तर त्याच्याकडे काय उरतं? मला गाडी बाहेर काढून हवी होती तो दिवस मैदानातला नव्हता. तो रात्री अकराचा होता, पांदणीतला होता, आणि तिथे काढून देणारं कुणी येणार नव्हतं.

जूनच्या शेवटच्या रविवारी हिंगण्याच्या पुढे, त्या पडीक शेतात, मी शेवटचं बघायचं म्हणून आले होते. गट वेगळा, माणसं वेगळी. नाही जमलं तर जिप्सी विकायची, असं घरून ठरवून निघाले होते. हे तुम्हाला आज पहिल्यांदा सांगते आहे.

गाडी मधोमध रुतली आणि इंजिन बंद पडलं. आरशात मला तीन जण धावत येताना दिसले. एकाने माझ्या दाराच्या मुठीवर हात ठेवलाही. मी सवयीने बेल्ट सोडला. आणि त्याच क्षणी डावीकडचं दार उघडलं.

तुम्ही होतात. गमबूट काढलेत, एकमेकांवर आपटून त्यांचा चिखल झाडलात आणि खाली ठेवलेत. सीटवर माझी औषधांची पेटी होती. ती मागे टाकली नाहीत, सरकवली नाहीत, उचलून मांडीवर घेतलीत. मग बसलात आणि बेल्ट लावलात. त्या जुन्या बेल्टचं कुलूप एका झटक्यात लागत नाही, दोनदा दाबावं लागतं. तुम्ही दोनदा दाबलंत. बाहेरच्यांना म्हणालात, "राहू द्या रे, चालवून राहिल्या ना त्या."

मग माझ्याकडे न बघता, समोर काचेतून बघत विचारलंत, "तुम्हाला घाई आहे का डॉक्टर?"

"नाही."

"मलाही नाही."

काका, तुम्ही त्यानंतर जे शिकवलंत ते फार मोलाचं आहे. पण माझं काम झालं ते इथेच, त्या बेल्टच्या खटक्यात. तोवर प्रत्येक जण माझ्या उजव्या दाराशी आला होता. डाव्या दाराने येणारे तुम्ही पहिले. माझ्या हातात चाक आहे अशा गाडीत तुम्ही स्वतःहून बसलात, बेल्ट लावून बसलात, म्हणजे ही गाडी आता चालणार आहे आणि ती ही बाई चालवणार आहे, हे तुम्ही धरूनच चालला होतात. मी माझा बेल्ट पुन्हा लावला.

वीस मिनिटं लागली असतील. पेटी सगळा वेळ तुमच्या मांडीवर होती. तुम्ही एकदाही स्टीअरिंगला हात लावला नाहीत. पुढे जायचा हट्ट सोडायला सांगितलंत: "आली त्या वाटेनं मागे घ्या, ती वाट गाडीला ठाऊक आहे." चाक जागच्या जागी गरगरायला लागलं की पाय उचलायचा, कारण तिथे दिलेली प्रत्येक रेस म्हणजे स्वतःच्या हाताने खोदलेला खड्डा. टायरच्या नक्षीत गारा भरला की टायर गुळगुळीत होतो, म्हणून स्टीअरिंग थोडं डावीउजवीकडे हलवत राहायचं, कडांना नवी माती सापडते. आणि अंगठे चाकाच्या आत अडकवायचे नाहीत. दगडावर चाक आदळलं की स्टीअरिंग उलटं फिरतं आणि अंगठा मोडतो. "तुम्हाला तर अंगठा सांभाळलाच पाहिजे," असं म्हणालात. डॉक्टरच्या अंगठ्याची काळजी करणारा माणूस मला त्या मैदानात भेटेल असं वाटलं नव्हतं.

एक वाक्य मी पाठ करून ठेवलं आहे. मी घाबरून सारखी डायलकडे बघत होते तेव्हाचं. "इंजिन काय म्हणून राहिलं ते ऐका. काट्याकडे काहून पाहता?" अगदी हेच मला कॉलेजात एका सरांनी सांगितलं होतं. पहिल्यांदा गाईच्या पोटात हात घातला तेव्हा मी पुस्तकातलं चित्र आठवत होते. ते म्हणाले, डोळे मीट आणि हाताला काय लागतं ते सांग. ते सरही गाईची शेपटी धरून बाजूला उभे राहिले होते, त्यांनी माझा हात बाहेर काढायला लावला नव्हता. तुम्ही दोघं कधी भेटला नाहीत, पण तुम्ही एकाच गावचे आहात असं मला वाटतं.

उमरेडकडच्या खाणीत 30 वर्षं पावसाळ्यातून गाड्या काढलेला माणूस. तुमच्या त्या जुन्या एमएम 540 जीपला गंजाचे डाग आहेत आणि ती तिथल्या सगळ्या चकचकीत गाड्यांना खेचून काढते. तुम्हाला मिरवायचं असतं तर मिरवण्यासारखं किती होतं! पण गाडी ओढायची वेळ आली तेव्हा तुम्ही पहिल्यांदा सगळ्यांना लांब उभं केलंत, गाडी ओढणाऱ्या विंचच्या दोरावर ओलं पोतं टाकलंत, दोर तुटला तर तो उसळून कुणाला लागू नये म्हणून. मला ते पोतं बघून चार रविवारांची ती साखळी आठवली. ज्याला खरंच येतं तो आधी दुसऱ्याच्या जिवाचा विचार करतो, आणि मग त्याच्या मानाचा. तुमच्यात हे दोन्ही वेगळं काढता येत नाही. मोठ्याने न बोलणारी, श्रेय न घेणारी, समोरच्याला त्याच्या जागेवरून न उठवणारी अशी माणसं आपल्या आजूबाजूला आहेत, यावरच माझ्यासारख्यांचं काम उभं आहे. गोठ्यात कंदील धरणारी पोरं, रात्री दोनला चुलीवर पाणी ठेवणाऱ्या मावश्या, तीच जात तुमची. फोटो त्यांचे कुणी काढत नाही.

त्यानंतरचे रविवार तुम्ही मैदानात घालवले नाहीत, माझ्या पांदणींत घालवलेत, याचे आभार वेगळे. ट्रॅक्टरच्या चाकोरीत जिप्सीची दोन्ही चाकं बसत नाहीत, एक खाली जातं आणि एक वर राहतं, हे तिथे गेल्याशिवाय कळलं नसतं. तेव्हा चाकोरी सोडून मधल्या उंचवट्यावरून कसं न्यायचं, हे तुम्ही आधी स्वतः चालून दाखवलंत. नाल्याचा उतार आला की गाडी हळू पण ताकदीने नेणारा लो रेशो, पहिला गिअर, आणि क्लचवरून पाय पूर्ण बाजूला. पहिल्या वेळी मी ब्रेक दाबला होता, गाडी आडवी घसरली होती, आणि तुम्ही फक्त म्हणालात, "पुन्हा."

मंगळवारी रात्री साडेदहाला फोन आला. पहिल्या वेताची गवळाऊ गाय, दोन तास कळा देत होती. पांदण दीड किलोमीटर, मध्ये नाला. पोळा आठवड्यावर आलेला आणि दिवसभर पाऊस झालेला. डांबर संपलं तिथे थांबले. तुम्ही दिलेलं मीटर लावून चारही टायरची हवा 28 वरून 18 वर आणली, चिखलात पकड मिळावी म्हणून. नाल्याशी उतरले, काठी घेऊन आधी पायी पलीकडे जाऊन आले, कारण पायी न चाललेल्या पाण्यात गाडी घालायची नाही. पाणी गुडघ्याच्या खाली होतं, तळ रेतीचा. पहिल्या गिअरमध्ये उतरले. पाय क्लचवर नव्हता.

पलीकडच्या चढानंतर गाडी बसायला लागली. चाक गरगरण्याचा तो आवाज मी ओळखला आणि पाय उचलला. अंधार, पाऊस, आणि दूर गोठ्याजवळ कुणीतरी बॅटरी हलवत होतं. मागचं वर्ष पूर्ण डोळ्यांसमोर आलं. मी डावीकडे बघितलं. सीटवर पेटी होती. "तुम्हाला घाई आहे का डॉक्टर?" घाई होती काका, फार होती. तरी मी "नाही" म्हणाले, मोठ्याने म्हणाले, एकटीच. मागे घेतली, चार हात डावीकडून काढली, स्टीअरिंग हलवत राहिले आणि गाडी निघाली.

वासराचं डोकं मागे वळलेलं होतं. ते सरळ करायला पाऊण तास गेला. दोन्ही अंगठे शाबूत होते म्हणून जमलं. कालवड बाहेर आली तेव्हा श्वास नव्हता. नाक साफ केलं, गवताच्या काडीने नाकपुडीत गुदगुल्या केल्या, पाठ चोळली, आणि ती शिंकली. त्या शिंकेवर त्या घरातली म्हातारी रडायला लागली, आणि मग मीही.

तुमचं हवेचं मीटर अजून माझ्याकडेच आहे. रविवारी सकाळी परत करायला येते. सोबत एक तांब्या आहे. वासराचं पोट भरून उरलेला चीक त्या मालकाने "गाडी शिकवणाऱ्या काकांना द्या" म्हणून मुद्दाम बांधून दिला आहे. मी तो फ्रीजमध्ये ठेवलाय. खरवस मी घरीच करून आणीन. काकूंना वेलची चालते का जायफळ, तेवढं फोन न ठेवता सांगा.

तुमची,
जिप्सीवाली डॉक्टर