फँजिओचं संग्रहालय बाल्कार्सेतच शोभतं

मा. संपादक,

रविवार पुरवणीतला फॉर्म्युला वनचा जगज्जेता शर्यतपटू हुआन मॅन्युएल फँजिओच्या संग्रहालयावरचा लेख वाचला. अर्जेंटिनातलं हे संग्रहालय ब्युनॉस आयर्सपासून चारशे किलोमीटरवर, बाल्कार्सेसारख्या आडगावी नेऊन ठेवलंय. राजधानीत असतं तर बरं झालं असतं, असा लेखाचा सूर आहे. तो काही पटला नाही.

बाल्कार्से हे बटाट्यांचं गाव. फँजिओ १९११ साली इथेच जन्मला, पोरवयातच गॅरेजला लागला, आणि पुढे गावानेच वर्गणी काढून त्याला शर्यतीची गाडी घेऊन दिली. १९४० मध्ये ब्युनॉस आयर्स ते लिमा आणि परत, अशी साडेनऊ हजार किलोमीटरच्या आसपासची शर्यत त्याने शेवरोलेने मारली. अँडीजमधले कच्चे रस्ते, आणि गाडीचं जे मोडेल ते वाटेतच नीट करायचं. पान्हा चालवता येत होता म्हणून निभावलं! लेखात मर्सिडीजच्या 'सिल्व्हर ॲरो' या चंदेरी शर्यतीच्या गाड्यांचं कौतुक भरभरून आहे, या शेवरोलेबद्दल मात्र अवाक्षर नाही. आम्हा गॅरेजवाल्यांना हे खटकणारच.

पाच जगज्जेतेपदं, ५१ शर्यतींत २४ विजय हे आकडे सगळ्यांना पाठ आहेत. पण १९५७ ची जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंग ट्रॅकवरची शर्यत बघा. टाकी अर्धीच भरून हलक्या गाडीने सुटायचं, आघाडी घ्यायची आणि मध्ये थांबून टायर-इंधन घ्यायचं, असा त्याच्या मॅसेराटी संघाचा डाव होता. थांब्यात नको तेवढा वेळ गेला आणि आघाडी हातची गेली. मग ४६ वर्षांच्या या गड्याने फेरीमागून फेरी विक्रम मोडत हॉथॉर्न आणि कॉलिन्सच्या फेरारी शेवटून दुसऱ्या फेरीत मागे टाकल्या. टायर किती ताणतील, गाडी किती सोसेल, हे त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं. ती अक्कल बाल्कार्सेच्या गॅरेजातली.

संग्रहालय १९८६ मध्ये, तो हयात असतानाच, गावातल्या जुन्या इमारतीत उघडलं. २०२१ मध्ये त्याचे अवशेषही स्मशानभूमीतून तिथल्या समाधीत आणले. आता राजधानीत नेऊन काय ठेवणार, नुसत्या गाड्या?

राहिली गैरसोय. मार देल प्लाताच्या समुद्रकिनाऱ्यावर सुट्टीत अर्धी राजधानी लोटते. तिथून बाल्कार्से जेमतेम सत्तर किलोमीटर आहे.

– एक गॅरेजवाला वाचक, कोल्हापूर