गोळ्या सिस्टरकडे, आणि वेळा कोणाकडे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला रुग्णालयात दाखल होण्याविषयीचा लेख वाचला. ‘घरची औषधे सिस्टरकडे सोपवा आणि निर्धास्त राहा’ हे वाक्य लेखात आहेच, वर चौकटीतही आहे. सोपवणे ठीक. निर्धास्त कशाच्या जोरावर राहायचे, हे लेखिकेने गुपित ठेवले आहे.

पार्किन्सनचा (कंपवाताचा) रुग्ण घ्या. लेवोडोपा-कार्बिडोपाची गोळी सात, साडेदहा, दोन, साडेपाच अशी घड्याळाला बांधलेली असते, कारण रक्तातली लेवोडोपा साधारण दीड तासात निम्म्यावर येते. केस पेपरवर हेच ‘दिवसातून चार वेळा’ असे उतरते आणि मग वॉर्डच्या चार वेळा लागू होतात: सहा, बारा, सहा, बारा. गोळीला अर्ध्या तासाहून जास्त उशीर झाला तरी माणूस आखडू शकतो. कूस बदलता येत नाही, घास गिळता येत नाही, आणि गिळता येत नाही म्हणून पुढची गोळीही राहते. शेरा मात्र ‘रुग्ण सहकार्य करत नाही’! त्यात मळमळीवर मेटोक्लोप्रमाइड किंवा रात्रीच्या बडबडीवर हॅलोपेरिडॉल दिले की संपलेच. लेवोडोपा मेंदूत जे डोपामिन भरून काढते, त्याचीच वाट ही दोन्ही औषधे अडवतात. म्हणून रुग्णाने सोबत न्यायच्या औषधांच्या यादीच्या डोक्यावर ही दोन नावे ‘देऊ नये’ म्हणून लाल शाईने हवीत.

यादी म्हणजे नुसती ब्रँडची नावे नव्हेत. मूळ औषध, मिलिग्रॅम, घड्याळातली वेळ, जेवणाआधी की नंतर, कशासाठी, आणि शेवटचा डोस कधी घेतला, एवढे लिहा. एक प्रत फाइलला, एक उशाशी. संधिवातावरची मेथोट्रेक्सेट ‘आठवड्यातून एकदा’ असेल तर वारही लिहा, ‘फक्त सोमवार’ असा. चुकून ती रोज दिली गेली तर अस्थिमज्जा निकामी होऊन जीव जाऊ शकतो.

शस्त्रक्रियेआधी ‘उपाशी’ म्हणजे गोळ्याही बंद, हा समज लेखाने आणखी पक्का केला. फिट्सची, थायरॉइडची, पार्किन्सनची गोळी आणि चालू असलेला बीटा-ब्लॉकर (नाडी संथ ठेवणारे औषध) सहसा त्या दिवशीही घोटभर पाण्याबरोबर देतात. बीटा-ब्लॉकर एकाएकी तोडला तर नाडी उसळते, छातीत दुखू शकते. महिनोन्‌महिने चाललेले स्टेरॉइडही असे तोडायचे नसते. उलट मधुमेहाची डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे ठरलेल्या शस्त्रक्रियेच्या तीन दिवस आधी थांबवतात, नाहीतर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचते. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा हिशेब आणखी वेगळा. म्हणून भूलतज्ज्ञांना एकेका गोळीचे नाव घेऊन विचारायचे: ही घ्यायची की थांबवायची?

नाकातून नळी असेल तर नावापुढे एसआर, एक्सआर, सीआर असलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी, गोळी कुटून देऊ नये. दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. (नळीच्या कामाला पातळ औषध किंवा साधी गोळी मिळते का, ते विचारावे.)

चोरून गोळी घेऊ नका, हे लेखिकेने बरोबर सांगितले. रक्तदाबाची गोळी मुद्दाम थांबवलेली असू शकते. पण वेळेवर घ्यायचे औषध रुग्णाजवळ ठेवण्याची परवानगी डॉक्टरांकडून केस पेपरवर लिहून घेता येते, हे सांगायला काय हरकत होती?

घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर चालू, बंद आणि बदललेली औषधे वेगळी मागा. रुग्णालयाने तेच औषध दुसऱ्या ब्रँडने दिलेले असते. घरी जुने पाकीट असतेच, आणि मग दोन्ही सुरू होतात.

आणि हो, ती चौकट. पिवळ्यावर पांढरी अक्षरे! जी कापून जपायची, ती ज्यांच्यासाठी होती त्यांच्यात मोतीबिंदूवाले किती असतील, याचा विचार मांडणी करणाऱ्याने करायचा की नाही?

आपला,
एक जुना वाचक