मनगटावरची निळी रेघ

ताई,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. घरात आम्ही तुम्हाला 'मशीनवाल्या ताई' म्हणतो.

जीबीएसनं, म्हणजे नसांच्या त्या आजारानं, अण्णांचे आधी पाय गेले, मग हात. खानापूरहून पहिल्यांदा जिथं नेलं, तिथं प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, बदलताना मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपरिन दिलं. अण्णांना जुना अल्सर, दोन दिवस शौचाला काळं होत होतं, म्हणजे आत रक्त येत असणार. कुणी विचारलं नाही, आणि आम्हालाही मेलं सांगायचं सुचलं नाही. रात्रभर मानेतल्या नळीभोवती रक्त पाझरत राहिलं. सकाळी जाब विचारला तर म्हणे, "आमचं मशीन हेपरिनवरच चालतं." मशीनला तोंड नसतं हो, तुम्हाला होतं की!

बेळगावात तुम्ही नळ्या जोडायच्या आधीच शौचाचा रंग विचारलात आणि तशाच डॉक्टरांकडे गेलात. हेपरिनऐवजी सायट्रेट ठरलं. हेपरिन अंगभर फिरतं; सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम धरून मशीनपुरतंच काम करतं, अंगात गेलेलं सायट्रेट लिव्हरमध्ये मोडून जातं, एवढं मला तुमच्यामुळं कळलं. फक्त कॅल्शियम उतरलं की ओठांना, बोटांना मुंग्या येतात, म्हणून लक्ष ठेवायचं.

पण अण्णांच्या हातात आजारानंच मुंग्या भरलेल्या. नव्या कुठल्या, जुन्या कुठल्या, कसं कळणार? तुम्ही बोटानं चाचपत विचारत गेलात, "इथं जोमु? इथं?" कन्नडमधल्या 'जोमु'ला 'मुंग्या' म्हणतात, हे तुम्हाला आम्हीच शिकवलं. मग खिशातलं पेन काढून मनगटावर निळी रेघ ओढलीत. "अण्णा, याच्या वर आलं, नाहीतर ओठावर आलं, लगेच सांगायचं." अण्णा चार दिवसांनी पहिल्यांदा हसले. त्यांच्याशी कुणीतरी बोलत होतं, त्यांच्याबद्दल नाही.

दुसऱ्या खेपेला त्यांनीच हाक मारली, "ताई, ओठ!" तुम्ही मशीन हळू केलंत, कॅल्शियम चढवलंत, थोड्या वेळात थांबलं. मी तर शेजारी बसून मोबाईल बघत होतो.

शिकलेली माणसं पुष्कळ भेटली. विचारणारी थोडी.

बेळगावातल्या चारही खेपांना रेघ नव्यानं ओढलीत. दुसऱ्या वेळी तळव्यावर, मग बोटांच्या मुळाशी. शेवटच्या दिवशी अण्णांनी स्वतःच हात पुढं केला, तो उचलून. तुम्ही पेन उघडलंत, चाचपलंत आणि रेघ नखांजवळ ओढलीत.